देवगडचे राज्य : सातपुड्यातील एका लहान मुस्लिम राजघराण्याचा इतिहास

प्रस्तावना

मध्ययुगीन मुस्लिम सत्तांचा विषय निघाला की आपल्यासमोर दिल्लीची सल्तनत, बहामनी राज्य, दख्खनच्या पाच शाह्या आणि मोगल साम्राज्य ही नावे येतात. देशाबाहेर नजर टाकली तर बगदाद, कुर्तुबा आणि गरनाता आठवतात. मोठ्या सत्तांचा इतिहास लिहिला जातो, पाठ्यपुस्तकांत येतो आणि स्मरणात राहतो. मात्र दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या, खंडणी देऊन तग धरणाऱ्या आणि शेवटी कोणाच्या तरी राज्यात विरून जाणाऱ्या लहान राज्यांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या इतिहासात अशा लहान राज्यांचे एक संपूर्ण पर्व आहे. इ. स. १०३१ मध्ये कुर्तुब्याची उमय्या खिलाफत संपुष्टात आली आणि तिच्या जागी अनेक छोटी राज्ये उभी राहिली. अरब इतिहासकारांनी त्यांच्या राजांना 'मुलूक-उत्-तवाइफ' असे म्हटले. उत्तरेच्या ख्रिस्ती राजांना खंडणी द्यायची, शेजाऱ्याशी भांडायचे आणि संकट आले की बाहेरची फौज बोलवायची, अशी त्यांची रीत होती. इशबिलियाच्या (सेव्हिलच्या) मुअतमिदने आफ्रिकेतून यूसुफ बिन ताशफीनला मदतीस बोलावले. इ. स. १०८६ च्या लढाईत ख्रिस्ती राजाचा पराभव झाला. पुढे १०९१ मध्ये त्याच यूसुफच्या फौजेने इशबिलिया घेतले आणि मुअतमिद मोरोक्कोत कैदी म्हणून मरण पावला. उर्दू वाचकांना हा मुअतमिद इक्बालांच्या 'बाल-ए-जिब्रील'मुळे परिचित आहे.

याच घडणीचे एक राज्य आपल्या अगदी जवळ, सातपुड्याच्या डोंगरात होऊन गेले. ते देवगडचे गोंड राज्य होय. त्याच्या राजाने १६८६ मध्ये इस्लाम स्वीकारला, १७०२ मध्ये नागपूर शहर वसवले आणि वैनगंगेच्या खोऱ्यात वस्ती वाढवली. बालाघाट जिल्ह्याच्या मैदानी भागाची आजची घडण समजून घ्यायची असेल तर या राज्याला वगळून चालत नाही. त्याची उभारणी, स्वरूप आणि अंत यांचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थान आणि आरंभ

देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, छिंदवाडा शहराच्या नैर्ऋत्येस एका उंच डोंगरावर आहे. दाट जंगल, खोल दऱ्या आणि पाण्याची टाकी यांमुळे तो सहज हाती येणारा किल्ला नव्हता. आज तेथे नगारखाना, मोती टाके, मशीद आणि पडक्या भिंती पाहावयास मिळतात.

गोंडवनात गोंडांची तीन-चार राज्ये होती. उत्तरेस गढा-मंडला, दक्षिणेस चांदा, पश्चिमेस खेरला आणि मध्यभागी देवगड. आजच्या बालाघाट जिल्ह्याचा बैहरकडील पठारी भाग मंडल्याच्या बाजूचा होता, तर वैनगंगेकाठचा सखल भाग देवगडकडे गेला.

देवगडच्या घराण्याचा संस्थापक म्हणून जाटबा याचे नाव घेतले जाते. त्याने आधीच्या गवळी राजांना मारून राज्य मिळवले अशी लोककथा आहे. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही. परंतु जाटबा ही खरी व्यक्ती होती, हे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'वरून सिद्ध होते. खेरल्याच्या पूर्वेकडील या जमीनदाराजवळ २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती असल्याची नोंद तेथे आहे. पायदळाचा आकडा फुगवलेला असेल किंवा प्रसंगी हत्यार घेऊन उभी राहणारी सगळी माणसे त्यात मोजली असतील. तरीही अकबराच्या दरबाराने दखल घ्यावी एवढे बळ या डोंगरी राजाजवळ होते, एवढे त्यातून निश्चित होते.

खंडणीचे राजकारण

पुढच्या शतकातील देवगडचा इतिहास म्हणजे मुख्यतः खंडणीचा इतिहास आहे. देवगडच्या राजाजवळ हत्ती होते आणि मोगलांना हत्ती हवे होते. खंडणी थकली की फौज येई, फौज आली की राजा वाटाघाटी करी आणि फौज परतली की खंडणी पुन्हा थके.

शाहजहानच्या काळात, इ. स. १६३७ मध्ये, खान-ए-दौरान या सरदाराने देवगडच्या मुलखावर स्वारी केली. त्या वेळी कोकिया हा देवगडचा राजा होता. खान-ए-दौरानने वेढा घातला तो नागपूरच्या किल्ल्याला. राजाने दीड लाख रुपये आणि हत्ती देऊन सुटका करून घेतली आणि किल्ला त्याला परत मिळाला. औरंगजेबाच्या काळात १६६७ मध्ये दिलेरखान चांदा आणि देवगड या दोन्ही राज्यांवर चालून आला आणि जबर खंडणी ठरवून गेला.

१६३७ चा प्रसंग दुसऱ्या एका कारणासाठीही महत्त्वाचा आहे. नागपूर हे नाव आणि तेथील किल्ला १७०२ च्या निदान पासष्ट वर्षे आधी अस्तित्वात होता. म्हणून बख्त बुलंदला नागपूरचा संस्थापक म्हणताना त्याचा अर्थ नेमका घ्यावा लागतो. त्याने नाव निर्माण केले नाही. शहर निर्माण केले.

बख्त बुलंद आणि धर्मांतराचा प्रश्न

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात देवगडच्या गादीसाठी भाऊबंदकी सुरू झाली. गादीचा एक दावेदार न्याय मागण्यासाठी औरंगजेबाकडे गेला, तेथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्याला 'बख्त बुलंद' हे नाव देऊन राजा म्हणून मान्यता दिली. फारसीत बख्त म्हणजे नशीब आणि बुलंद म्हणजे उंच. ज्याचे नशीब उंच तो बख्त बुलंद. ही घटना १६८६ ची आहे. देवगडलाही 'इस्लामगड' असे नवे नाव मिळाले, पण ते कागदावरच राहिले.

हा राजा दिल्लीस गेला, असे परंपरा सांगते. परंतु औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला तो पुन्हा उत्तरेस गेलाच नाही. १६८६ मध्ये तो विजापूर जिंकण्याच्या कामात गुंतला होता. तेव्हा बादशाही दरबार म्हणजे दक्षिणेतील छावणी होती. लोकपरंपरेत 'दिल्ली' हा शब्द शहरासाठी नव्हे, तर बादशहासाठी वापरला जातो, हे अशा ठिकाणी ध्यानात घ्यावे.

हे धर्मांतर श्रद्धेचे होते की राजकारणाचे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. माणसाच्या मनातील श्रद्धा मोजण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. त्या धर्मांतराचे परिणाम मात्र तपासता येतात, आणि ते तीन आहेत.

पहिला परिणाम असा की त्याला गादी मिळाली. दुसरा असा की घराण्याने इस्लाम पुढे सोडला नाही. मोगलांची भीती संपली, मराठ्यांचे राज्य आले, इंग्रज आले, तरी हे घराणे मुसलमानच राहिले. धर्म केवळ सोयीपुरता घेतला असता तर सोय संपल्यावर तो सोडण्यास कोणाचीही आडकाठी नव्हती. तिसरा परिणाम असा की घराण्याचे गोंडपण गेले नाही. जेवणाखाणाचा व्यवहार मुसलमानांशी, परंतु सोयरीक गोंडांतच, म्हणजे रोटी एकीकडे आणि बेटी दुसरीकडे, अशी अट राजाने घातल्याची परंपरा सांगितली जाते. अट प्रत्यक्ष घातली गेली असो वा नसो, राजघराण्याची लग्ने पुढेही गोंडांत होत राहिली. प्रजेवर धर्म बदलण्याची सक्ती झाल्याचे चिन्ह नाही. गोंडवनातील गोंड समाज मोठ्या संख्येने आपल्याच देवांना भजत राहिला.

'निगूं बख्त'

धर्मबंधुत्वामुळे देवगडला मोगलांकडून काही विशेष सवलत मिळाली काय? फारसी बखरींतून दिसणारे उत्तर नकारार्थी आहे. १६९१ मध्ये बादशहाने बख्त बुलंदला गादीवरून दूर केले आणि नजरकैदेत ठेवले. त्याच घराण्यातील दुसऱ्या दावेदारास देवगड देण्यात आले. काही वर्षांनी बख्त बुलंद सुटला आणि परत येऊन त्याने उघड बंड केले. वऱ्हाडात त्याच्या स्वाऱ्या होऊ लागल्या. छत्रपती राजारामांच्या पक्षाशी त्याने संधान बांधले. त्या काळात मराठे मोगलांशी जीवनमरणाचा लढा देत होते, आणि इस्लाम स्वीकारलेला गोंड राजा मराठ्यांच्या बाजूला उभा होता.

संतापलेल्या औरंगजेबाने आज्ञा केली की यापुढे या माणसाला बख्त बुलंद म्हणू नये, 'निगूं बख्त' म्हणावे. निगूं म्हणजे उलटा, खाली तोंड केलेला. ज्याला स्वतःच उंच नशिबाचा म्हटले होते, त्यालाच बादशहाने उलट्या नशिबाचा ठरवले. काळाने मात्र बादशहाचा हा शब्द पाळला नाही. निगूं बख्त हे नाव जुन्या फारसी पोथ्यांत पडून राहिले आणि लोकांच्या तोंडी बख्त बुलंदच राहिला.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्ययुगीन राजकारण दोन धर्मांच्या सरळ रेषेत मांडता येत नाही. बादशहा मुसलमान, बंडखोर मुसलमान, बंडखोराचे मित्र मराठे आणि त्याची फौज मुख्यतः गोंड, असे हे चित्र आहे. झगडा धर्माचा नव्हता; महसूल कोणी गोळा करायचा आणि गादीवर कोणी बसायचे, हा होता.

राज्याची बांधणी आणि नागपूर

औरंगजेबाची सत्ता दक्षिणेत थकत गेली तसे देवगडचे राज्य वाढत गेले. छिंदवाडा आणि बैतूलचा बराच भाग, शिवनी, भंडारा, बालाघाटचा सखल प्रदेश आणि नागपूरचे मैदान एवढा मुलूख बख्त बुलंदकडे होता. डोंगरातील राजधानी संरक्षणाला चांगली, पण मैदानाचा कारभार करण्यास गैरसोयीची. म्हणून १७०२ मध्ये त्याने नाग नदीच्या काठी 'राजापूर बारसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा छोट्या वस्त्या जोडून, रस्ते आखून नागपूर शहराची उभारणी सुरू केली.

डोंगरातून मैदानात येणे ही केवळ राजधानीची बदली नव्हती. जंगल, हत्ती आणि खंडणी यांवर चालणारे राज्य आता शेती, कारागिरी आणि बाजारपेठ यांवर उभे राहू लागले. त्यासाठी माणसे हवी होती. राजाने हिंदू आणि मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसांना कामावर घेतले. बाहेरून शेतकरी, विणकर, व्यापारी बोलावले आणि ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्यांना उत्तेजन दिले.

याला एका परक्या अधिकाऱ्याची साक्ष आहे. नागपूरचे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ मध्ये नागपूर राज्याविषयी विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. बख्त बुलंदच्या काळात हजारो गावे वसली आणि पुढच्या मराठी कारभाराच्या यशाचा पाया त्यानेच घातला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जेंकिन्स भोसल्यांच्या दरबारी राहिलेले होते. गोंड राजाची खोटी स्तुती करण्याचे त्यांना कारण नव्हते.

शिवनी भागाची एक हकीकत या धोरणाचे उदाहरण म्हणून सांगता येईल. ताजखान नावाचा एक पठाण नशीब काढण्यासाठी या मुलखात आला होता. त्याने तलवारीच्या एका घावात अस्वल मारले आणि राजाने खूश होऊन त्याला डोंगरतालचा परगणा दिला, अशी कथा आहे. अस्वलाची गोष्ट बाजूला ठेवली तरी परगणा मिळाला हे खरे. त्याचा मुलगा महंमदखान याचे नाव पुढे येणार आहे.

वैनगंगेचे खोरे

बालाघाट जिल्हा इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून केला. जिल्हा नवा असला तरी त्यातील वस्ती जुनी आहे. लांजीचे नाव बाराव्या शतकातील रतनपूरच्या शिलालेखात येते. तेथील किल्ला गोंडांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असावा, असे जुन्या गॅझेटियरचे मत आहे. म्हणजेच तो देवगडच्या भरभराटीचा काळ ठरतो.

या खोऱ्यातील पोवार समाज आपले मूळ माळव्यातील धार येथे सांगतो. बख्त बुलंदच्या काळात हे लोक प्रथम रामटेकजवळील नगरधनच्या आसपास आले, असे मानले जाते. पुढे भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी कामगिरी बजावली आणि त्याबद्दल त्यांना लांजीकडे व वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या. जंगल तोडून, बांध घालून आणि तलाव बांधून त्यांनी धानाची शेती उभी केली. भंडारा-गोंदियाच्या बाजूस कोहळी समाजाने तलाव बांधण्यात असेच नाव मिळवले. गोंड राजाने सुरू केलेली वसाहत मराठा राजाने पुढे नेली. राजवट बदलली, पण धोरण बदलले नाही. आज या पट्ट्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी आणि मुसलमान वस्त्यांतील उर्दू शेजारी शेजारी ऐकू येतात, त्यामागे हाच वसाहतीचा इतिहास आहे.

चांद सुलतान

बख्त बुलंदनंतर चांद सुलतान गादीवर आला. तो बहुतेक काळ घाटाखालीच राहिला. त्याने नागपूरला तट बांधून राजधानीचे रूप दिले. नाग नदीच्या पाण्यावर शहराजवळ मोठा तलाव केला. त्याला जुम्मा तलाव म्हणत. जुमा म्हणजे शुक्रवार. म्हणून मराठीत तो शुक्रवारी तलाव झाला, आणि आज त्याचे नाव गांधीसागर आहे. शहराच्या जुम्मा दरवाजाचेही नाव पुढे गांधी दरवाजा झाले. एकाच पाण्याची ही तीन नावे म्हणजे शहराच्या तीन कालखंडांची थोडक्यात सांगितलेली कहाणी आहे.

वारसाहक्काचा झगडा आणि राज्याचा अंत

चांद सुलतान १७३९ च्या सुमारास मरण पावला आणि राज्याचा जुना रोग पुन्हा उफाळून आला. वारसाचा नियम निश्चित नव्हता. बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वलीशाह याने चांद सुलतानच्या थोरल्या मुलास ठार मारून गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर हिच्याजवळ बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह असे दोन मुलगे होते, परंतु फौज नव्हती. तिने वऱ्हाडातील मराठा सरदार रघूजी भोसले यांना मदतीस बोलावले.

रघूजींनी वलीशाहचा पराभव करून त्याला कैद केले आणि दोन्ही राजपुत्रांना गादीवर बसवले. या उपकाराबद्दल राणीने त्यांना भरपूर द्रव्य आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला. ते परत वऱ्हाडात गेले. पण दोन भाऊ एका गादीवर किती दिवस सुखाने बसणार? त्यांच्यात कलह पेटला. पुन्हा रघूजी आले, आणि या वेळी परत गेले नाहीत. अकबरशाह हैदराबादेस पळून गेला व तेथे विषप्रयोगाने मेला, असे सांगतात. बुऱ्हाणशाह नावाचा राजा राहिला. १७४३ पासून नागपूर हे भोसल्यांच्या सत्तेचे ठाणे झाले.

इशबिलियाच्या मुअतमिदची आठवण येथे होते. मदतीस बोलावलेला बलवान माणूस पहिल्यांदा मोबदला घेतो आणि दुसऱ्यांदा राज्य घेतो. मात्र दोन्ही प्रसंगांत दोष केवळ येणाऱ्याचा नसतो. घरातील भांडण घरात मिटवण्याची व्यवस्था ज्या राज्यात नसते, ते राज्य बाहेरच्याला दार उघडूनच देते.

सर्वांनी मात्र हार मानली नव्हती. ताजखानचा मुलगा महंमदखान याने पदच्युत राजाच्या नावाने डोंगरतालचा किल्ला तीन वर्षे लढवला. त्याची निष्ठा पाहून रघूजींनी त्याला शिक्षा केली नाही. डोंगरताल सोडल्यास शिवनीचा मुलूख देण्याचे कबूल केले. महंमदखान शिवनीचा दिवाण झाला आणि त्याचे घराणे तेथे पुढे नांदले. गोंड राजासाठी लढलेल्या पठाणाचा मराठा राजाने केलेला हा गौरव या इतिहासातील सर्वांत उदात्त प्रसंग म्हणता येईल.

नावाचा राजा

रघूजींनी बुऱ्हाणशाहला मारले नाही की हाकलले नाही. त्याला वर्षासन देऊन नागपुरातच मानाने ठेवले. भोसल्यांची सत्ता तलवारीची होती, पण गोंडवनावरचा हक्क जुन्या घराण्याचा मानला जाई. काही महसुली कागदांवर गोंड राजाचा शिक्का उमटल्यावाचून ते पुरे होत नसत. भोसले राजाच्या राज्यारोहणात टिळा लावण्याचा मानही गोंड राजाकडे होता, असे सांगतात. हिंदू राजाच्या कपाळी मुसलमान गोंड राजाने टिळा लावावा, यात त्या काळच्या लोकांना काही विपरीत वाटले नाही.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. ज्या भोसल्यांनी गोंडांचे राज्य घेतले, त्यांचेही राज्य असे गेले. गोंड राजाचे घराणे मात्र वर्षासनावर पुढेही नागपुरात राहिले.

उपसंहार

देवगडचे राज्य इतिहासाच्या तिन्ही प्रचलित मांडण्यांतून निसटले आहे. मुस्लिम राजवटींच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही, कारण ते गोंडांचे राज्य होते. गोंडांच्या इतिहासात राणी दुर्गावतीच्या गढा-मंडल्यापुढे ते मागे पडते, कारण त्याचे राजे मुसलमान झाले. मराठ्यांच्या इतिहासात ते केवळ प्रस्तावनेपुरते येते, कारण नागपूरची खरी कथा रघूजींपासून सुरू होते असे गृहीत धरले जाते. ज्याच्यावर तिघांचा हक्क, त्याला कोणीच आपला म्हणत नाही.

आणि जेव्हा एखादा त्याला आपला म्हणतो, तेव्हा उरलेल्या दोघांचा वाटा पुसून टाकण्याकडे कल असतो. बख्त बुलंदला फक्त मुसलमान ठरवले की गोंड त्यातून जातात. फक्त गोंड ठरवले की त्याने स्वतः निवडलेला आणि वंशजांनी जपलेला धर्म जातो. दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत. तो गोंड होता आणि मुसलमान होता; मोगलांचा मांडलिक होता आणि मोगलांविरुद्ध लढला; त्याने वसवलेले शहर पुढे मराठ्यांची राजधानी झाले. यांतील एकही विधान दुसऱ्याला खोडत नाही.

नागपूर, शिवनी आणि बालाघाट या भागांतील महाविद्यालयांत फारसी वाचणारे थोडे उरले आहेत, गोंडी परंपरा सांगणारी वृद्ध पिढी ओसरत आहे आणि मोडी लिपी जाणणारेही कमी होत आहेत. देवगडचा इतिहास या तिन्ही साधनांत विखुरलेला आहे. एकाच भाषेच्या आधारे लिहिलेला इतिहास त्या भाषेच्या लोकांपुरताच राहील. उर्दू-फारसी जाणणाऱ्यांनी गोंडी ऐकावी, मराठी जाणणाऱ्यांनी फारसी वाचावी आणि हे काम जाणती माणसे हयात आहेत तोवर हाती घ्यावे, हीच या लहान राज्याची आपल्याकडून खरी अपेक्षा आहे.